प्रादेशिक योजनेच्या नकाशात आमचा तांडा आणि गायरान कसे आणावे?

शिवारवाट

नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. आमच्या भागाची प्रादेशिक योजना नव्याने तयार होत असून जमिनीच्या सध्याच्या वापराची पाहणी करणारे पथक मागील महिन्यात आमच्या गावी येऊन गेले. पथकातील मुले मनमिळाऊ होती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून त्यांनी टॅबवरचा कच्चा नकाशा आम्हाला दाखवला आणि काही चुकले असेल तर सांगा, असे स्वतःहून म्हणाली. त्या नकाशात गावठाण होते, शाळा होती, मारुतीचे देऊळ आणि पाझर तलाव होता, प्रत्येक गटाची हद्द होती. मात्र गावठाणापासून दोन किलोमीटरवर साठ-सत्तर घरांचा आमचा तांडा आहे, त्या जागी नुसती शेतजमीन होती. गायरानाच्या कडेला राहणाऱ्या पारध्यांची आठ-नऊ घरे नव्हती. बौद्ध वस्तीतील जी घरे जागेअभावी गेल्या तीस वर्षांत गावठाणाच्या हद्दीबाहेर सरकली, तीही नव्हती. आणि ज्या गायरानाच्या काही भागात भूमिहीन कुटुंबे दोन पिढ्यांपासून ज्वारी आणि तूर पेरतात, ज्याच्या उरलेल्या भागात गावाच्या शेळ्या-मेंढ्या चरतात, त्या संपूर्ण गटावर 'पडीक' अशी एकच खूण होती.

मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की गावनकाशा भूमी अभिलेखाकडून आलेला आहे, सातबारावर त्या गटाला 'शासन' असे नाव आहे आणि उपग्रहाचे छायाचित्र उन्हाळ्यातले आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या खऱ्या असूनही गावातील जवळपास एक तृतीयांश माणसे नकाशात कुठेच नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

मला हा प्रश्न एका गावापुरता वाटत नाही. मराठवाड्यात आपण विकासाच्या असमतोलाविषयी पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत. १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली आणि तिने जिल्हा हा घटक धरून अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. २०११ मध्ये नेमलेल्या केळकर समितीने जिल्ह्याच्या सरासरीखाली तालुक्यांतील तफावत झाकली जाते, हे ओळखून तालुक्याच्या पातळीवर विचार केला. ही वाटचाल योग्यच होती. परंतु तालुक्याच्या आत, गावाच्या आत, गावठाण आणि तांडा यांच्यामध्ये जो अनुशेष आहे तो मोजणारी समिती कधी नेमली गेली नाही, आणि जमिनीचा पुढील वीस वर्षांचा वापर ठरवणारी योजना त्याच न मोजलेल्या पायावर उभी राहणार असेल, तर पश्चिम महाराष्ट्राकडे बोट दाखवून आपण जी तक्रार करतो तीच तक्रार तांड्याने आपल्याविषयी का करू नये?

मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पाहणीच्या या टप्प्यावर या वस्त्या आणि हे वापर नकाशात आणण्यासाठी कोणते कागद, कोणाकडे, कोणत्या रीतीने द्यावेत? आणि नकाशात नाव आल्याने त्या लोकांचे भलेच होईल, असे खात्रीने म्हणता येते का? दुसरा प्रश्न तांड्यावरच्या एका आजीने मला विचारला आणि मला उत्तर देता आले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

निवृत्त रचनाकार

ताई, आपण योग्य वेळी विचारले आहे. नगररचना विभागात माझी तीस वर्षे गेली आणि अनुभवाने सांगतो की योजनेतील अन्यायांपैकी बहुतेक प्रारूप (योजनेचा कच्चा आराखडा) प्रसिद्ध होण्याच्या पुष्कळ आधी, याच पाहणीच्या काळात घडून जातात. नंतर हरकती येतात, सुनावण्या होतात, पण सुनावणीत माणूस आपल्या गटाविषयी बोलतो. ज्याच्या नावावर गटच नाही तो तिथे उभा राहून काय बोलणार?

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रदेशाची पाहणी करून विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करायचा असतो आणि त्याच्या आधारे प्रारूप प्रादेशिक योजना होते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी किमान चार महिने मिळतात. शहराच्या विकास योजनेत हीच मुदत अवघी तीस दिवसांची आहे. चार महिने पुष्कळ वाटतात, पण सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, नकाशा कार्यालयात लावला जातो आणि त्याचे प्रमाण इतके लहान असते की त्यात आपले शेत शोधायला सरावलेला डोळा लागतो.

म्हणून आत्ताच करायचे काम असे आहे. ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठरावासोबत गावनकाशाच्या प्रतीवर प्रत्येक वस्तीची जागा, घरांची संख्या, पाण्याचे ठिकाण, स्मशानभूमी आणि वहिवाटीचा रस्ता हाताने दाखवा. आपल्याकडे पुष्कळ तांड्यांची आणि दलित वस्त्यांची स्मशानभूमी कोणत्याच अभिलेखात नसते, आणि मग त्याच जागेवरून रस्ता जातो, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करतो. घरांच्या पुराव्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंद), वीजबिले, अंगणवाडीची नोंद आणि मतदारयादीचा भाग पुरेसा होतो. गायरानावरच्या पेऱ्यासाठी तलाठ्याकडील गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही पाहा. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून छायाचित्रे काढा, आणि ती खरिपात पीक उभे असताना काढा. हे सर्व नगररचनेच्या जिल्हा कार्यालयाला द्या, एक प्रत तहसीलला द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला कागद दिलाच नव्हता असे समजा.

हे केल्याने काय साधते, तेही सांगतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी अकृषिक (बिगरशेती) परवानगी काढावी लागत नाही. ठरलेली रक्कम भरली की तो वापर मान्य धरला जातो. ही सवलत गावठाणाला चिकटून आहे. तांड्याला गावठाण नाही, म्हणून त्याच्याभोवती २०० मीटरही नाहीत. एकाच ग्रामपंचायतीत राहणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाला मुलासाठी घर बांधणे सोपे होते आणि दुसऱ्याला अवघड, आणि याचे कारण इतकेच की एकाचे पूर्वज मोजणीच्या वेळी वेशीच्या आत राहत होते. तांड्याला गावठाण म्हणून मान्यता देण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणे आणि योजनेत तो तांडा ग्रामीण वस्ती म्हणून दाखवून घेणे, ही दोन्ही कामे बरोबरीने चालवावी लागतील.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी देणार नाही. ते अधिकाऱ्याने देण्यासारखे नाही.

तेरणाकाठ

मी औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात शिक्षक आहे. वरील दोन्ही मजकूर वाचताना ३० सप्टेंबर १९९३ नंतरची वर्षे डोळ्यांपुढे आली, कारण कोऱ्या जमिनीवर नव्याने गावे आखण्याची वेळ मराठवाड्यावर प्रत्यक्ष आलेली आहे आणि तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे मिळणार, हे कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असणाऱ्यांना ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. जुन्या गावात ज्याचा वाडा पडला त्याला झोपडीएवढे घर कसे द्यायचे, हा विचार त्यामागे असावा, आणि त्या दिवसांतील घाई व दुःख पाहता कोणाला दोष देण्याची माझी इच्छा नाही. तरीही परिणाम पाहायलाच हवा. जुन्या गावातील विषमता भिंतींबरोबर कोसळली होती. ती नव्या आखणीत चौरस फुटांच्या हिशेबाने पुन्हा बांधली गेली. एकाच आकाराची घरे एका पट्ट्यात आल्याने, आणि जमीन कोणाकडे किती हे आपल्याकडे जातीवर पुष्कळसे अवलंबून असल्याने, अनेक ठिकाणी गल्ल्याही पूर्वीसारख्याच वेगळ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट स्त्रियांच्या बोलण्यातून मला हळूहळू कळली. नव्या गावांचे रस्ते रुंद, घरे सुटी आणि विस्तार जुन्या गावाच्या कित्येक पट. नकाशावर हे सर्व नेटके दिसते. पण जुन्या गावात दोन माळवदांमधल्या बोळात सावलीला बसून डाळ निवडणाऱ्या, एकमेकींची लेकरे सांभाळणाऱ्या बायकांना इथे ती जागाच उरली नाही. शेत लांब गेले, पाणी लांब गेले. आखणी करणाऱ्यांनी गावाच्या बैठकीत विचारले होते, पण बैठक पारावर झाली होती आणि पारावर बायका बसत नाहीत. पुढे घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या टप्प्यात महिला मंडळांमधून संवाद साहाय्यक नेमल्या गेल्या आणि त्या बायकांनी गावोगाव फिरून घरबांधणीची माहिती पोहोचवली. तो प्रयोग चांगला होता. आखणीच्या आधी झाला असता तर आमची गावे निराळी दिसली असती, असे मला आजही वाटते.

म्हणून ताई, आपण ग्रामसभेचा ठराव घ्याल तेव्हा त्याआधीची महिला सभा कागदोपत्री उरकू देऊ नका. कायद्याने ती ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते. ती तांड्यावर घ्या आणि पाणी, सरपण, शौचास जाण्याची वाट, रात्री अंधारात चालावा लागणारा रस्ता या चार गोष्टी नकाशावर त्यांच्याच बोटाने दाखवून घ्या. या चारही गोष्टी जमिनीच्याच वापराच्या आहेत.

गायरानधारक

आजीने विचारलेल्या प्रश्नाविषयी लिहितो. माझे आईवडील ऊसतोडीला जात आणि उरलेल्या महिन्यांत गायरानातील दोन एकर कसत. त्या दोन एकरांवर मी शिकलो. आता गायरानाच्या हक्कांच्या कामात आहे.

नकाशावर येणे हे भल्याचेच असते असे नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, मराठवाड्यातून हजारो माणसे तुरुंगात गेली, पुढे एकनाथ आवाडांनी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत गायरानाचा प्रश्न पुन्हा उभा केला, आणि या दीर्घ रेट्यातून शासनाने वेळोवेळी निर्णय काढले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण त्यासाठी त्या काळातील नोंद लागते, आणि ज्या गावात तलाठ्याने नमुना १-ई मध्ये नावच चढवले नाही, तेथे प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या हाती साधी दंडाची पावतीसुद्धा नसते. आमच्याकडे ती पावती माणसे देवघरात ठेवतात. शासनाने अतिक्रमण केले म्हणून केलेला दंड हाच आपल्या हक्काचा पुरावा, अशी आमची परिस्थिती आहे.

दुसरी बाजू पाहा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवादही सांगितलेला आहे, पण खालच्या कार्यालयांपर्यंत येता येता निर्देश लक्षात राहतो आणि अपवाद विसरला जातो. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा निघाल्या तेव्हा आमच्या वस्तीत कित्येक रात्री कोणी झोपले नव्हते. त्या वेळी नोटिसा कोणाला आल्या? ज्यांची नावे नोंदवहीत होती त्यांना. आता गायराने सौर ऊर्जा प्रकल्पांसाठीही मागितली जात आहेत. दिवसा वीज मिळावी असे आम्हालाही वाटते, पण 'पडीक' अशी खूण असलेला गट सर्वांत आधी सुचवला जातो, आणि तेथे तूर उभी आहे हे यंत्रे आल्यावर लक्षात येते.

म्हणजे नोंद नसली तर जमीन रिकामी समजली जाते आणि नोंद असली तर माणूस अतिक्रमक समजला जातो. आजींना दोन्हीपैकी काय निवडायचे हे विचारायला हवे, आणि निवडण्याआधी दोन्हींचा धोका समजावून सांगायला हवा. माझे मत असे की कुटुंबांची नावे आणि क्षेत्र लगेच देऊ नयेत. ठरावात केवळ वापर लिहावा: 'या गटाच्या अमुक भागात अमुक वर्षांपासून शेती आहे, अमुक भागात घरे आहेत, अमुक भागात चराई आहे.' वापर नोंदवला गेला की गट 'पडीक' राहत नाही, आणि नावांचा प्रश्न नियमितीकरणाच्या स्वतंत्र अर्जात, वकिलाच्या सल्ल्याने सोडवता येतो.

तारखांकडेही लक्ष असू द्या. दसरा-दिवाळीनंतर आमच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होतात. ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली नवरा-बायकोची जोडी एकदा कारखान्यावर गेली की मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावात म्हातारी माणसे आणि शाळेची मुले असतात. प्रारूप योजना ऑक्टोबरच्या शेवटी प्रसिद्ध झाली तर कायद्याने दिलेले चारही महिने उसाच्या फडात जातात. माझ्या माहितीतल्या एका गावात असेच झाले. सुनावणीची सूचना दारावर चिकटवली गेली तेव्हा त्या दाराला कुलूप होते. तेव्हा आपली सभा १ मे किंवा १५ ऑगस्टला घ्या, आणि प्रारूपाची प्रसिद्धी व सुनावणी उन्हाळ्यात ठेवावी अशी मागणी आत्ताच लेखी करा.

पाच एकर कोरडवाहू

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो विरोधासाठी मांडत नाही. माझी पाच एकर जमीन एका वाढत्या शहराच्या हद्दीलगत आहे. हद्दवाढीनंतर विकास योजनेत तिच्यापैकी तीन एकरांवर बगीचा आणि शाळा अशी आरक्षणे पडली. शेजारच्या मोठ्या खातेदाराच्या चाळीस एकरांवरून एक रस्ता तेवढा गेला आणि त्या रस्त्याने त्याच्या उरलेल्या जमिनीचा भाव वाढवला. आरक्षण पडल्यापासून मला ती जमीन विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही आणि मुलासाठी घरही बांधता येत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षे थांबायचे, मग खरेदीची नोटीस द्यायची, मग आणखी दोन वर्षे थांबायचे.

समतेसाठी जागा राखून ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. ती जागा कोणाच्या शेतातून येणार, हेही समतेचेच आहे. ज्याचा शब्द चालतो त्याच्या गटावरचे आरक्षण सरकते आणि ते सरकून ज्याचा शब्द चालत नाही त्याच्या गटावर येते. भूमिहीनांविषयी जी आस्था वर व्यक्त झाली आहे ती मला मान्य आहे, पण तिचा भार दुष्काळाने आधीच वाकलेल्या अल्पभूधारकावर पडू नये, इतकेच म्हणणे आहे.

निवृत्त रचनाकार

आपले म्हणणे रास्त आहे आणि हा भार वाटून घेण्याचा मार्ग त्याच अधिनियमात आहे. नगर रचना योजनेत परिसरातील सर्व जमिनी एकत्र धरल्या जातात, प्रत्येकाच्या जमिनीतून ठरलेल्या प्रमाणात वाटा काढून रस्ते, शाळा, बगीचे यांची जागा तयार केली जाते आणि प्रत्येकाला रस्त्यावरचा आखीव अंतिम भूखंड परत मिळतो. चाळीस एकरवाला आणि पाच एकरवाला दोघेही देतात. त्याच योजनेत दुर्बल घटकांच्या व विस्थापितांच्या घरांसाठी क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येते. मोजणीचे काम किचकट असते, लवादाची प्रक्रिया लांबते आणि आपल्या भागातील नगरपालिकांकडे त्यासाठी पुरेशी माणसे नसतात, म्हणून हा मार्ग मराठवाड्यात फारसा चोखाळला गेला नाही. माझ्या सेवाकाळात मीही त्यासाठी पुरेसा आग्रह धरला नाही, याची खंत आहे.

याला जोडून शहरांविषयी एक गोष्ट सांगतो. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासात वीस टक्के भूखंड किंवा घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. परंतु ही तरतूद दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांना लागू होते, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर हे एकच शहर त्या आकड्यापलीकडे आहे. नांदेड, लातूर, परभणी येथे खेड्यांतून येणारी माणसे मग कुठे राहतात? गुंठेवारीत. नुसत्या बाँडवर (मुद्रांक कागदावर) गुंठा-दीड गुंठा घेतात, सातबारावर मूळ मालकाचेच नाव राहते आणि आरक्षणाची सूचना त्या मालकाला जाते. राहणाऱ्याला बुलडोझर दारात आल्यावर कळते. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ मधील त्याची सुधारणा यांमुळे अशी बांधकामे नियमित करून घेता येतात. तरीही नियमित प्लॉट परवडत नाही म्हणून माणूस गुंठेवारीत जातो, या मूळ कारणावर नियोजनाने उत्तर दिलेले नाही.

माहूरगड

किनवट तालुक्यातून एक लहानशी भर घालतो. आमच्याकडे अनुसूचित क्षेत्रातील गावांमध्ये वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक दाव्यांसाठी गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबांनी स्वतः पायी फिरून नकाशे केले आहेत. तेंदूपाने कुठून आणतो, मोहाची झाडे कुठे, देवाची जागा कोणती, गुरांची वाट कोणती, हे त्यांत दाखवलेले असते. ते नकाशे उपविभागीय कार्यालयात दाव्यांसोबत पडून राहतात आणि प्रादेशिक योजनेच्या पाहणी पथकाला त्यांची खबरही नसते. शिवारवाट ताईंनी तांड्यावर नकाशा करताना हीच पद्धत वापरावी. बाभळीच्या फाट्याने मातीत गाव काढायला सांगा. कागद पुढे आला की माणसे गप्प होतात, मातीत काढताना बोलतात.

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत काय केले ते कळवते.

तांड्यावर महिला सभा घेतली आणि मातीत गाव काढले. चाळीसेक बाया आल्या होत्या. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या, ज्या मला स्वतःला याच गावात वीस वर्षे राहून माहीत नव्हत्या. तांड्याची स्मशानभूमी नकाशातील एका खाजगी गटात आहे आणि नियोजित वळणरस्त्याची रेघ तिच्यावरून जाते. उन्हाळ्यात ज्या विहिरीवरून पाणी आणतात ती ज्याच्या मालकीची आहे त्याने आता तार ओढली आहे. आणि दिवाळीनंतर दरवर्षी बाहेरून येणारे मेंढपाळ गायरानाच्या उत्तरेच्या पट्ट्यात पंधरा दिवस मुक्काम करतात, शेतात मेंढ्या बसवून खत देतात, त्यांची वाट कोणीच कधी कुठे लिहिलेली नाही. ती पाणंद आम्ही ठरावात लिहिली.

गायरानधारक दादांनी सुचवल्याप्रमाणे ठरावात नावे न देता वापर लिहिला. पारधी वस्तीतील दोन कुटुंबांनी मात्र आमची घरे नावानिशी लिहा, असे आग्रहाने सांगितले. आजवर कुठल्याच कागदावर नाव नसल्याने शिधापत्रिकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे अडते, त्यामुळे धोका कळूनही त्यांचा निर्णय तसा होता आणि आम्ही तो तसाच नोंदवला. आजींनी नाव देऊ नका म्हटले. त्यांचेही तसेच नोंदवले.

ठराव १५ ऑगस्टच्या सभेत मंजूर झाला. विरोध झाला, आणि तो विहिरीच्या मालकाकडून अपेक्षित होता, पण वळणरस्त्याजवळ जमीन असलेल्या दोन लहान शेतकऱ्यांचाही होता. स्मशानभूमी वाचवायला रस्ता सरकवला तर तो त्यांच्या तीन-तीन एकरांतून जाईल, अशी त्यांना भीती आहे. पाच एकर कोरडवाहू यांचा मुद्दा तेव्हा मला खऱ्या अर्थाने कळला. रस्ता गायरानाच्या दक्षिण कडेने, घरे आणि पेरा दोन्ही टाळून नेता येतो का, हे पाहण्यासाठी त्या दोघांना आणि तांड्याच्या नाईकांना (प्रमुखांना) सोबत घेऊन आम्ही येत्या रविवारी शिवारफेरी ठेवली आहे.

ठराव, हाताने काढलेला नकाशा आणि सुनावणी उन्हाळ्यात घेण्याची मागणी असे तिन्ही कागद नगररचना कार्यालयात दिले असून पोच मिळाली आहे. निवृत्त रचनाकार सर, वळणरस्त्याची रेघ पाहणीच्या टप्प्यावरच नकाशात कशी आली, हे मला समजले नाही. ती जुन्या मंजूर योजनेतून आलेली असेल, तर त्या योजनेची प्रत कोणत्या कार्यालयात पाहायला मिळेल, एवढे कृपया सांगावे. फेरीला जाण्याआधी ती पाहून घ्यायची आहे.

निवृत्त रचनाकार

जुन्या मंजूर योजनेतील प्रस्ताव नव्या नकाशात आधाररेघ म्हणून उतरवून घेतात. बहुधा तसेच झाले असावे. मंजूर योजनेचा नकाशा आणि अहवाल नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेत पाहता येतो आणि शुल्क भरून भाग-नकाशाची प्रतही मिळते. आपला गट क्रमांक लिहून अर्ज करा. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्ते विकास आराखड्यातून आला असेल तर मात्र त्या विभागाच्या उपविभागीय कार्यालयात चौकशी करावी लागेल. दोन्हीकडे सोमवारीच जा आणि फेरी एका आठवड्याने पुढे ढकला. रेघ नेमकी कुठल्या बांधावरून जाते हे हातात असल्याशिवाय त्या दोन शेतकऱ्यांना शिवारात नेऊ नका.